प्रवाळ-सांगाड्यांवरून सागरी पुराहवामानाचा अभ्यास

प्रवाळ-सांगाड्यांवरून सागरी पुराहवामानाचा अभ्यास ही पुराहवामानशास्त्राची एक शाखा आहे. उष्णकटिबंधातील उथळ समुद्रात वाढणाऱ्या दगडी प्रवाळांच्या चुनखडीयुक्त सांगाड्यात दरवर्षी एक नवा थर पडतो. हा थर तयार होत असताना भोवतालच्या पाण्याचे तापमान, क्षारता, नद्यांतून आलेला गाळ, पाण्यात विरघळलेला कार्बन यांसारख्या गोष्टींची रासायनिक खूण त्यात उमटते. झाडाच्या खोडातील वर्तुळे मोजून ज्याप्रमाणे त्याचे वय व जुने पर्जन्यमान यांचा अंदाज बांधता येतो, त्याचप्रमाणे प्रवाळाचे थर मोजून व त्यांचे रासायनिक विश्लेषण करून समुद्राची पूर्वीची स्थिती जाणता येते. सलग वाढलेल्या जिवंत वसाहतीतून काही शतकांची, तर जीवाश्म प्रवाळांतून हजारो वर्षांपूर्वीच्या कालखंडांची महिन्यागणिक माहिती मिळू शकते.

समुद्राच्या तापमानाच्या उपग्रहीय नोंदी १९८० च्या दशकापासून सलगपणे उपलब्ध आहेत. त्यापूर्वीच्या नोंदी प्रामुख्याने जहाजांवरून घेतलेल्या असून त्या ठरावीक जलमार्गांपुरत्या आहेत. प्रशांत व हिंदी महासागरांच्या विस्तीर्ण भागांत एकोणिसाव्या शतकातील नोंदी अत्यंत तुरळक आहेत. त्यामुळे आजची सागरी तापमानवाढ नैसर्गिक चढउतारांच्या मर्यादेत बसते की त्या मर्यादेबाहेर जाते, हे ठरवण्यासाठी प्रवाळांसारख्या नैसर्गिक नोंदींचा आधार घ्यावा लागतो.

संज्ञा

मराठीत ‘प्रवाळ’ व ‘पोवळे’ हे शब्द बहुधा समानार्थी म्हणून वापरले जातात. नवरत्नांत गणले जाणारे व दागिन्यांत जडवले जाणारे लाल पोवळे हे मुख्यतः भूमध्य समुद्रात आढळणाऱ्या प्रवाळाच्या एका जातीपासून मिळते. हा प्रवाळ प्रवाळभित्ती बांधत नाही. हवामानाच्या अभ्यासासाठी प्रामुख्याने उपयोगी पडणारे प्रवाळ निराळे असून त्यांना दगडी प्रवाळ किंवा भित्तिकारक प्रवाळ म्हणतात. प्रवाळ वनस्पतीसारखा दिसत असला, तरी तो नायडेरिया संघातील प्राणी आहे. जेलीफिश व समुद्रफूल हे त्याचे नातलग होत.

थेट मोजमापाऐवजी ज्या नैसर्गिक खुणेवरून पूर्वीच्या हवामानाचे अनुमान केले जाते, तिला ‘अप्रत्यक्ष निर्देशक’ असे म्हणतात. वृक्षवर्तुळे, ध्रुवीय हिमस्तर, गुहांतील चुनखडीचे लवणस्तंभ, सागरतळाचा गाळ आणि प्रवाळांचे सांगाडे हे असे प्रमुख निर्देशक होत.

सांगाड्याची घडण

दगडी प्रवाळाची वसाहत असंख्य सूक्ष्म पॉलिपांची बनलेली असते. प्रत्येक पॉलिप समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपल्या तळाशी ॲरॅगोनाइट या स्वरूपातील कॅल्शियम कार्बोनेटचा वाडगा रचतो. वाढ होत असताना पॉलिप वर सरकत जातो व खालचा भाग रिकामा होतो. परिणामी वसाहतीचा जिवंत भाग केवळ पृष्ठभागावर काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याखाली मागील सर्व वर्षांचा सांगाडा क्रमाने रचलेला असतो. पॉलिपांच्या ऊतींमध्ये राहणारे सूक्ष्म शैवल प्रकाशसंश्लेषण करून त्यांना अन्न पुरवते. म्हणून भित्तिकारक प्रवाळ सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या उथळ व उबदार पाण्यातच वाढतात.

अभ्यासासाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रवाळ म्हणजे पोराइटीस. हिंदी व प्रशांत महासागरांत त्याच्या घुमटाकार, भरीव वसाहती आढळतात. त्यांची उंची दरवर्षी साधारणतः १ ते २ सेंटिमीटरने वाढते. म्हणजे ३ मीटर उंचीच्या वसाहतीत दीडशे ते तीनशे वर्षांची नोंद साठलेली असू शकते. अटलांटिक महासागर व कॅरिबियन समुद्रात ऑर्बिसेला, सिडरास्ट्रिया व डिप्लोरिया या प्रजाती उपयोगात आणल्या जातात.

सांगाड्याची घनता वर्षभर सारखी राहत नाही. एका ऋतूत दाट व दुसऱ्या ऋतूत विरळ असा सांगाडा तयार होतो. कापलेल्या चकतीचे क्ष-किरण छायाचित्र घेतले असता हे दाट व विरळ पट्टे एकाआड एक दिसतात. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. दाट पट्टा कोणत्या ऋतूत पडतो, हे मात्र ठिकाण व जातीनुसार बदलते.

इतिहास

प्रवाळाच्या वाढीत ऋतुमानाचा ठसा उमटतो, याकडे चिनी भूवैज्ञानिक मा तिंग-यिंग यांनी १९३० च्या दशकात लक्ष वेधले होते. १९६३ मध्ये अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी डेव्होनियन कालखंडातील जीवाश्म प्रवाळांवरील अतिसूक्ष्म कडा मोजल्या. या कडा दैनंदिन वाढीच्या आहेत असे मानल्यास त्या काळी एका वर्षात सुमारे ४०० दिवस होते, असे त्यांनी दाखवले. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे परिवलन मंदावत आहे व पूर्वी दिवस लहान होता, या खगोलशास्त्रीय गणिताशी हा निष्कर्ष जुळणारा होता.

सांगाड्यातील पट्टे खरोखरच वार्षिक असल्याचा निर्णायक पुरावा १९७२ मध्ये मिळाला. प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी एनेवेटाक येथे अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात अण्वस्त्रचाचण्या केल्या होत्या. तेथील प्रवाळांच्या सांगाड्यात चाचण्यांच्या काळातील किरणोत्सर्गी द्रव्य अडकून राहिले होते. नट्सन, बुडेमायर व स्मिथ या संशोधकांनी हे किरणोत्सर्गी थर आणि क्ष-किरणांत दिसणारे पट्टे ताडून पाहिले. चाचण्यांची वर्षे ज्ञात असल्यामुळे एक जोडी म्हणजे एक वर्ष हे समीकरण सिद्ध झाले. ज्या स्फोटांनी त्या बेटाची हानी केली, त्यांच्याच अवशेषांवरून प्रवाळाचे कालमापन पक्के झाले.

सांगाड्यातील रसायनांचा उलगडा समांतरपणे होत होता. कार्बोनेटमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून प्राचीन तापमान काढता येईल, ही कल्पना नोबेल पारितोषिक विजेते रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९४० च्या दशकात मांडली. १९७२ मध्ये वेबर व वुडहेड यांनी भित्तिकारक प्रवाळांतील ऑक्सिजन समस्थानिकांचा तापमानाशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये वॉरन बेक व सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम गुणोत्तर अतिशय काटेकोरपणे मोजण्याची पद्धत दाखवून दिली. त्यानंतर या क्षेत्राचा झपाट्याने विस्तार झाला.

नमुने मिळवण्याची पद्धत

पाणबुडे दाबाखालील हवेवर किंवा द्रवदाबावर चालणाऱ्या छिद्रणयंत्राने वसाहतीच्या माथ्यापासून खाली उभे छिद्र पाडतात व काही सेंटिमीटर व्यासाचा दंडगोलाकार नमुना बाहेर काढतात. वाढीच्या मुख्य अक्षाला धरून छिद्र घेणे महत्त्वाचे असते. छिद्र तिरके गेल्यास थर गळतात किंवा त्यांची जाडी चुकीची मोजली जाते. नमुना काढल्यावर छिद्र सिमेंट किंवा तत्सम पदार्थाने बुजवतात, जेणेकरून पोखरणारे जीव आत शिरू नयेत. काळजीपूर्वक बुजवलेल्या छिद्रावर जिवंत ऊती कालांतराने पुन्हा पसरतात आणि वसाहत जगते.

प्रयोगशाळेत नमुन्याची काही मिलिमीटर जाडीची उभी चकती कापतात, ती स्वच्छ धुऊन वाळवतात व तिचे क्ष-किरण छायाचित्र घेतात. नंतर सूक्ष्म छिद्रणयंत्राने वाढीच्या दिशेने ठरावीक अंतरावर भुकटीचे नमुने खरवडून घेतात. वर्षाला १२ मिलिमीटर वाढणाऱ्या प्रवाळात दर मिलिमीटरला एक नमुना घेतल्यास सरासरी एका महिन्याची नोंद मिळते. या भुकटीचे विश्लेषण द्रव्यमान वर्णपटमापकाने केले जाते.

रासायनिक निर्देशक

ऑक्सिजनचे समस्थानिक

निसर्गातील बहुतेक ऑक्सिजन अणू १६ वस्तुमानांकाचे असतात. १८ वस्तुमानांकाचे जड अणू अल्प प्रमाणात आढळतात. पाणी जितके थंड, तितका जड ऑक्सिजन सांगाड्यात अधिक सामावला जातो. तापमान १ अंश सेल्सियसने वाढल्यास जड ऑक्सिजनचे सापेक्ष प्रमाण दर हजारी सुमारे ०.२ ने घटते.

परंतु हा निर्देशक एकट्या तापमानाचा नसतो. समुद्रातून बाष्पीभवन होताना हलका ऑक्सिजन असलेले पाणी अधिक सहजतेने निघून जाते व मागे राहिलेले पाणी जड होते. उलट पावसाचे व नद्यांचे पाणी हलके असते. म्हणून अतिवृष्टीच्या प्रदेशात सांगाड्यातील जड ऑक्सिजनची घट ही पाणी तापल्यामुळे झाली की पावसाचे गोडे पाणी मिसळल्यामुळे, हे केवळ या एका मोजमापावरून सांगता येत नाही.

स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम

ॲरॅगोनाइटच्या स्फटिकात कॅल्शियमच्या काही जागा स्ट्रॉन्शियम घेते. थंड पाण्यात हे प्रमाण वाढते व उबदार पाण्यात कमी होते. ही दोन्ही मूलद्रव्ये महासागरात लाखो वर्षे टिकून राहत असल्याने त्यांचे पाण्यातील गुणोत्तर काही शतकांच्या कालावधीत जवळजवळ स्थिर मानता येते. पावसाचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे हा तुलनेने शुद्ध असा तापमापक ठरतो. मात्र १ अंशाच्या फरकाने गुणोत्तरात होणारा बदल एक टक्क्याहूनही कमी असतो. म्हणून मोजमाप अतिशय अचूक असावे लागते.

एकाच नमुन्यात ही दोन्ही मोजमापे घेतल्यास स्ट्रॉन्शियमवरून तापमान काढून ऑक्सिजनच्या नोंदीतून तापमानाचा वाटा वजा करता येतो. जे उरते ते पाण्याच्या घटकांतील, म्हणजेच पाऊस, बाष्पीभवन व क्षारता यांतील बदल दर्शवते.

बेरियम आणि चमकणाऱ्या रेषा

नदीच्या गाळाबरोबर येणारे बेरियम किनाऱ्याजवळील प्रवाळांत साठते. त्याचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसल्यास ती पुराची खूण मानली जाते. तसेच जमिनीवरील कुजलेल्या वनस्पतींतून आलेली सेंद्रिय द्रव्ये सांगाड्यात अडकतात. अतिनील प्रकाशात पाहिल्यास पुराच्या वर्षांच्या रेषा चमकू लागतात. पीटर इस्डेल यांनी १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील प्रवाळांत अशा रेषांवरून शतकांचे पर्जन्यमान वाचता येते, हे दाखवले.

कार्बन आणि बोरॉन

१९५० व १९६० च्या दशकांतील वातावरणीय अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. तो कार्बन समुद्रात कधी व किती शिरला, हे प्रवाळांच्या थरांत दिसते. त्यावरून हवा आणि समुद्र यांच्यातील कार्बन डायऑक्साइडच्या देवघेवीचा वेग काढता येतो. खोलातून वर येणाऱ्या पाण्यात किरणोत्सर्गी कार्बन कमी असल्याने सागरी प्रवाहांतील बदलही त्यावरून समजतात. बोरॉनच्या समस्थानिकांवरून समुद्राच्या आम्लतेचा अंदाज बांधला जातो.

कालनिश्चिती

जिवंत वसाहतीत सर्वांत वरचा थर नमुना घेतल्याच्या दिवसाचा असल्याने तेथून मागे मोजत जाता येते. जीवाश्म प्रवाळात मात्र थर मोजून केवळ कालावधी कळतो, काळ कळत नाही. त्यासाठी युरेनियम-थोरियम पद्धत वापरतात. वाढताना प्रवाळ समुद्राच्या पाण्यातील युरेनियम सांगाड्यात घेतो, पण थोरियम जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून थोरियम तयार होत जाते व त्याच्या प्रमाणावरून वय निघते. १९८७ मध्ये लॉरेन्स एडवर्ड्स व सहकाऱ्यांनी द्रव्यमान वर्णपटमापकाच्या साहाय्याने या पद्धतीची अचूकता कितीतरी वाढवली. सुमारे ५ ते ६ लाख वर्षांपर्यंतच्या प्रवाळांचे वय या पद्धतीने ठरवता येते.

या पद्धतीचा लाभ इतर शास्त्रांनाही झाला. १९९० मध्ये एदुआर बार व सहकाऱ्यांनी बार्बाडोस येथील प्रवाळांचे वय युरेनियम-थोरियम व किरणोत्सर्गी कार्बन अशा दोन्ही पद्धतींनी काढले. सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या नमुन्यांत कार्बन पद्धतीने काढलेले वय प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३,५०० वर्षांनी कमी येत असल्याचे त्यातून दिसले. पुरातत्त्वशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या कार्बन कालमापनाची दुरुस्ती करण्यास अशा नोंदी उपयोगी पडल्या.

प्रमुख निष्कर्ष

समुद्रपातळी

कॅरिबियन समुद्रातील अक्रोपोरा पाल्माटा हा शाखायुक्त प्रवाळ प्रामुख्याने पृष्ठभागानजीकच्या काही मीटर पाण्यात वाढतो. त्यामुळे तो ज्या खोलीवर जीवाश्मरूपात सापडतो, त्यावरून त्या काळच्या समुद्रपातळीचा अंदाज येतो. रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये बार्बाडोसच्या किनाऱ्याजवळील छिद्रणावरून गेल्या हिमयुगाच्या परमोच्च काळी समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२१ मीटर खाली होती, असा निष्कर्ष काढला. ताहिती बेटावरील प्रवाळांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये असे दिसून आले की, सुमारे १४,६५० वर्षांपूर्वी हिमस्तर वितळून समुद्रपातळी साडेतीनशे वर्षांच्या आत १४ ते १८ मीटरने वाढली. हिमस्तर किती वेगाने कोसळू शकतात याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

पश्चिम सुमात्रा किनाऱ्यावर भूकंपांमुळे जमीन वर-खाली होते. तेथील चपट्या माथ्याचे प्रवाळ ओहोटीच्या पातळीपेक्षा वर वाढू शकत नाहीत. त्यामुळे जमीन उचलली गेल्यास माथा मरतो व खचल्यास वाढ पुन्हा वर सरकते. केरी सी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या थरांवरून तेथील सुमारे ७०० वर्षांच्या मोठ्या भूकंपांचे चक्र मांडले.

एल निन्यो

मध्य प्रशांत महासागरात एल निन्योच्या वर्षी पाणी तापते व पाऊसही वाढतो. या दोन्ही कारणांनी सांगाड्यातील जड ऑक्सिजन कमी होतो, म्हणून तेथील प्रवाळांत एल निन्योची खूण ठसठशीत उमटते. ज्युलिया कोल व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तारावा बेटावरील प्रवाळातून अशी नोंद प्रसिद्ध केली. २००३ मध्ये किम कॉब व सहकाऱ्यांनी पामायरा बेटाच्या किनाऱ्यावर वादळांनी फेकलेल्या मृत प्रवाळांचे तुकडे गोळा केले. प्रत्येक तुकड्यात काही दशकांची नोंद होती. त्यांचे वय ठरवून व परस्परांवर येणारे भाग जुळवून गेल्या सुमारे अकराशे वर्षांतील अनेक कालखंडांचे चित्र उभे करण्यात आले. सतराव्या शतकाच्या मध्यातही एल निन्योची तीव्रता मोठी होती, असे त्यातून आढळले. २०१३ मध्ये याच गटाने शेजारच्या बेटांवरील नमुन्यांच्या साहाय्याने हा अभ्यास ७,००० वर्षांपर्यंत मागे नेला. एल निन्यो स्वभावतःच अतिशय चंचल असून त्याच्या वर्तनातील मानवी प्रभाव ओळखण्यासाठी दीर्घ नोंदींची गरज आहे, हे या संशोधनाने अधोरेखित केले.

हिंदी महासागर

हिंदी महासागराच्या पूर्व व पश्चिम भागांतील तापमानांत निर्माण होणाऱ्या तफावतीला हिंदी महासागरीय द्विध्रुव म्हणतात. भारतातील मोसमी पाऊस, पूर्व आफ्रिकेतील पूर आणि इंडोनेशिया व ऑस्ट्रेलियातील अवर्षण यांच्याशी त्याचा संबंध असतो. नेरिली अब्राम व सहकाऱ्यांनी सुमात्रानजीकच्या प्रवाळांवरून गेल्या सहस्रकातील द्विध्रुवाची खंडित नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध केली. तीत आढळलेल्या १० तीव्र घटनांपैकी ४ घटना गेल्या ६० वर्षांतील आहेत. सर्वांत तीव्र घटना मात्र १६७५ मधील असून ती १९९७ च्या घटनेहूनही मोठी होती. निसर्गतः घडू शकणाऱ्या टोकाच्या घटना उपकरणांच्या नोंदीत दिसतात त्याहून मोठ्या असू शकतात, असा याचा अर्थ आहे.

सेशेल्स बेटांवरील १८४६ पासूनच्या प्रवाळ-नोंदीवरून क्रिस्टोफर चार्ल्स व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एल निन्यो व आशियाई मोसमी वारे यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास केला. केनियातील मालिंदी येथील प्रवाळांत विसाव्या शतकात बेरियमचे प्रमाण वाढलेले आढळते. साबाकी नदीच्या खोऱ्यात जमिनीचा वापर बदलून मातीची धूप वाढल्याचे ते निदर्शक आहे.

ग्रेट बॅरिअर रीफ

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील प्रवाळांचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. माल्कम मॅक्युलक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की, बर्डेकिन नदीतून येणारा गाळ युरोपीय वसाहतीनंतर, सुमारे १८७० पासून, ५ ते १० पटींनी वाढला. २००९ मध्ये ३२८ वसाहतींच्या पाहणीत १९९० नंतर प्रवाळांची चुनखडी रचण्याची क्षमता १४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रवाळ-नोंदींच्या आधारे १६१८ पासूनचे तापमान मांडण्यात आले. त्यानुसार २०२४ चा उन्हाळा या भागातील समुद्रासाठी चार शतकांतील सर्वाधिक उष्ण ठरला.

निरनिराळ्या समुद्रांतील प्रवाळ व अन्य निर्देशक एकत्र करून केलेल्या एका अभ्यासात (२०१६) उष्णकटिबंधीय महासागर १८३० च्या सुमारासच तापू लागल्याचे आढळले. तापमानवाढीचा आरंभबिंदू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण्याच्या प्रथेवर त्यामुळे प्रश्न उपस्थित झाला.

भारतातील अभ्यास

भारतात प्रवाळभित्ती लक्षद्वीप, अंदमान व निकोबार, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि कच्छचे आखात येथे आहेत. अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने लक्षद्वीप व कच्छ येथील प्रवाळांच्या समस्थानिक अभ्यासास चालना दिली. अरबी समुद्राचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक तापते आणि मोसमी वारे सुरू झाल्यावर ऐन जून ते सप्टेंबरमध्ये थंड होते. सुप्रिय चक्रवर्ती व रामेश यांनी १९९३ मध्ये मोसमी वाऱ्यांमुळे होणारे हे तापमानातील बदल भारतीय प्रवाळांत नोंदले जात असल्याचे दाखवले.

कच्छच्या आखातातील प्रवाळाच्या एका अभ्यासाला महाराष्ट्राची जोड मिळाली आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात प्रवाळाचे वार्षिक थर व ठाण्याजवळील एका सागवान वृक्षाची वार्षिक वर्तुळे यांतील किरणोत्सर्गी कार्बन मोजण्यात आला. सागवानाने हवेची नोंद ठेवली होती आणि प्रवाळाने समुद्राची. अणुचाचण्यांमुळे आलेला कार्बनचा उच्चांक सागवानात १९६४ च्या वर्तुळात ठळकपणे दिसतो, तर प्रवाळात तो बराच सौम्य होऊन उमटतो. या फरकावरून उत्तर अरबी समुद्र व वातावरण यांच्यातील कार्बन डायऑक्साइडच्या देवघेवीचा दर काढण्यात आला.

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरही मालवणचा परिसर, गोव्याजवळील ग्रांदे बेट आणि कोकण किनाऱ्यापासून दूर समुद्रात असलेला, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक येथे जिवंत प्रवाळ आढळतात. कोकणच्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात पाणी गढूळ होते. गाळ सोसून वाढणाऱ्या येथील प्रवाळांच्या वसाहती तुलनेने लहान असतात. भारतात प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून संशोधनासाठी नमुने घेण्यासही परवानगी आवश्यक असते.

मर्यादा

प्रवाळ हा सजीव असल्यामुळे त्याच्या सांगाड्याचे रसायन केवळ पाण्यावर अवलंबून नसते. वाढीचा वेग, ऊतींची जाडी व प्रवाळाचे आरोग्य यांचाही परिणाम होतो. शेजारी वाढलेल्या दोन वसाहतींतून काढलेल्या तापमानात फरक पडू शकतो. म्हणून एकाच ठिकाणच्या अनेक वसाहतींची नोंद परस्परांशी ताडून पाहणे आवश्यक मानले जाते. फार उष्ण वा फार थंड वर्षी वाढ थांबल्यास तेवढा काळ नोंदीतून गळतो. मृत सांगाड्याच्या पोकळ्यांत नंतर नवे स्फटिक जमतात किंवा ॲरॅगोनाइटचे रूपांतर कॅल्साइटमध्ये होते. अशा नमुन्यातून चुकीचे तापमान मिळते. त्यामुळे विश्लेषणापूर्वी क्ष-किरण विवर्तन व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांद्वारे नमुन्याची शुद्धता तपासतात.

हिमयुगातील उष्णकटिबंधीय समुद्राच्या तापमानावरून झालेला वाद या मर्यादांचे उदाहरण आहे. बार्बाडोसच्या प्रवाळांवरून १९९४ मध्ये तेथील समुद्र सुमारे ५ अंशांनी थंड होता, असे मांडले गेले. सागरतळातील सूक्ष्मजीवांच्या कवचांवर आधारलेल्या क्लायमॅप प्रकल्पाने त्यापूर्वी याहून बरीच कमी घट सुचवली होती. नंतरच्या अभ्यासांत या दोहोंच्या दरम्यानचे आकडे पुढे आले. एकाच निर्देशकावर विसंबून राहू नये, हा धडा या वादातून मिळाला.

भित्तिकारक प्रवाळ उष्णकटिबंधापुरते मर्यादित आहेत. खोल व थंड समुद्राच्या अभ्यासासाठी प्रकाशाविना वाढणारे खोलसमुद्री प्रवाळ उपयोगी पडतात. हवाई बेटांजवळील काळ्या प्रवाळाच्या एका वसाहतीचे वय ४,००० वर्षांहून अधिक असल्याचे आढळले आहे.

नोंदींना असलेला धोका

समुद्राचे पाणी दीर्घकाळ नेहमीपेक्षा तापलेले राहिल्यास प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. यास प्रवाळांचे विरंजन म्हणतात. ते लांबल्यास वसाहत मरते. १९९८, २०१० व २०१४ ते २०१७ या काळांत जागतिक पातळीवर विरंजन झाले. चौथे जागतिक विरंजन चालू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये घोषित करण्यात आले. लक्षद्वीपमधील प्रवाळांनाही या घटनांचा मोठा फटका बसला आहे. एल निन्योच्या अभ्यासात महत्त्वाचे स्थान असलेल्या किरितिमाती बेटावरील बहुतांश जिवंत प्रवाळ २०१५-१६ च्या एल निन्योत नष्ट झाले.

वसाहत मेल्यावर नोंद तेथेच थांबते. त्यानंतर पोखरणारे शिंपले, स्पंज व कृमी सांगाडा झिजवतात आणि लाटा तो फोडतात. वाळलेले झाड किंवा साठवून ठेवलेला हिमस्तराचा नमुना दीर्घकाळ अभ्यासता येतो. समुद्रात मृत झालेला सांगाडा मात्र लवकर बिघडू लागतो. शिवाय जिवंत वसाहतीच्या वरच्या थराची उपकरणांच्या नोंदीशी तुलना करूनच खालच्या थरांचे वाचन पक्के करता येते. ही सांगड तुटल्यास जुन्या थरांतील माहितीची विश्वासार्हताही कमी होते. या कारणास्तव शतकायुषी वसाहतींचे नमुने त्या जिवंत असतानाच घेणे, ते संग्रहालयांत व संशोधनसंस्थांत जपून ठेवणे आणि मिळालेली मोजमापे सर्वांना खुली असलेल्या आंतरराष्ट्रीय माहितीसंचांत जमा करणे यांवर भर दिला जात आहे. ज्या तापमानवाढीचे मोजमाप करण्यासाठी या नोंदींची गरज आहे, तीच तापमानवाढ त्या नोंदी लिहिणाऱ्या जीवांच्या मुळावर आली आहे.